बोरधोंडा हॉल्टवरचा बुधवार

प्रवासाला निघताना माणसाला हुरूप येतो म्हणतात. मला जांभया येत होत्या. साठी उलटली, शाळेतली नोकरी संपली, गुडघे बोलायला लागले, मुलगा पुण्याला, नवरा जाऊन काही वर्षं झालेली. गारखेड्यातल्या घरातून कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यापर्यंत जाऊन परत येणं, एवढाच माझा प्रवास उरला होता. तरी निघाले. शेजारच्या बाईंनी पेपरातली बातमी दाखवली होती. आमच्या रेल्वेमार्गावरच्या काही लहान हॉल्टांवर गाडी थांबवणं बंद करण्याचा विचार आहे म्हणे, आणि त्या नावांत बोरधोंडा होतं.

बोरधोंड्यात माझा जन्म झाला. माझे वडील तिथं पॉइंट्समन होते, आणि रेल्वेच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये आम्ही पाच माणसं राहायचो. लग्न झाल्यावर मी तिकडं फिरकले नाही. आता गाडी थांबेनाशी झाली तर तिथं उतरायचंच राहून जाईल, एवढाच विचार. ओढ वगैरे म्हणाल तर खोटं बोलावं लागेल.

मंगळवार

संध्याकाळची पॅसेंजर मिळाली. सकाळी एक गाडी शहराकडं येते, तीच संध्याकाळी परत जाते, बोरधोंड्याला थांबणारी एवढीच. दौलताबादला पेरूवाल्या चढल्या. किल्ला खिडकीतून गेला आणि मी डोळे मिटून घेतले. पोटूळच्या पुढं काळी रानं लागली. ज्वारी काढून झालेली, नुसती धसकटं उभी. मार्च लागला नाही तोच उन्हाला धार आली होती.

उतरायची वेळ आली तेव्हा कळलं की फलाट म्हणजे जेमतेम मुरूम टाकलेला ओटा आहे. डब्याची शेवटची पायरी आणि जमीन यांच्यामध्ये माझ्या गुडघ्यांना न परवडणारं अंतर. मी दांडा धरून तशीच लोंबकळले.

"उतरो आपा, आरामसे. घाई नाय. गार्ड आपलाच हाय," खालून आवाज आला आणि एक मजबूत हात पुढं झाला. हे रफिकभाई. हॉल्टवर रेल्वेचा पगारी माणूस नसतो. ठेका घेतलेला असा एखादा गावचा माणूस मोठ्या स्टेशनावरून तिकिटं आणतो आणि गाडीच्या वेळेला खिडकी उघडून विकतो. सगळा कारभार तोच. झाडतोही तोच आणि माणसं उतरवून घेतो तोही तोच.

माझं बोरधोंडा शोधायला वेळ लागला. निजामाच्या काळात घडीव काळ्या दगडात बांधलेली स्टेशनाची बैठी इमारत तेवढी उभी होती, तीही अर्धी बंद. लहानपणी तिथं नावाच्या पाटीवर इंग्रजी, मराठी आणि उर्दू अशा तीन ओळी होत्या. मला फक्त मधली वाचता यायची, पण उर्दूची वळणं मी शाळेच्या पाटीवर खडूनं गिरवायची. तेव्हा हे रीतसर स्टेशन होतं. मीटरगेजचा अरुंद रूळ, दोन गाड्या एकमेकींना ओलांडतील असा जादा रूळ, स्टेशनमास्तर, सिग्नलचे दिवे लावणारा, आणि आमचे बाबा. पुढचा रस्ता मोकळा आहे याची खूण म्हणून वेताच्या मोठ्या कड्यात बांधलेला लोखंडी गोळा ते धावत्या गाडीच्या ड्रायव्हरला द्यायचे. गाडी धडधडत यायची, बाबा कडं उंच धरून उभे, आणि ड्रायव्हरचा हात ते खेचून घ्यायचा. आई दरवेळी डोळे झाकायची.

मग रूळ रुंद झाले. जादा रूळ उखडला, स्टेशनाचा हॉल्ट झाला, मास्तर गेले, क्वार्टर पाडली. क्वार्टरच्या जागी आता बाभळी आहेत. मी त्यांच्यात उभी राहिले तर चपलेत काटा घुसला. जन्मस्थळाचं दर्शन झालं.

प्रवाशांच्या पाण्याच्या रांजणाची जागा मात्र दिसली, भिंतीतला दगडी कोनाडा. हा इतिहास कुठल्या पुस्तकात नाही म्हणून सांगते. बाबांनी धम्म घेतलेला होता, आणि त्या स्टेशनावर आमच्या समाजाचे ते पहिलेच. उन्हाळ्यात रांजण भरायचं काम त्यांच्याकडं आलं. ते विहिरीवरून पाणी आणायचे, आणि गावातली काही माणसं कोरड पडलेल्या घशानं गाडीत चढायची, पण त्या रांजणाला हात लावायची नाहीत. बाबा तरी रोज रांजण घासायचे आणि काठोकाठ भरायचे. मला त्या माणसांचा राग अजून आहे. तो जावा असंही मला वाटत नाही.

कोनाड्यापाशी वाकून काटा काढत होते, तेव्हा खिडकीखाली ठेवलेल्या गाठोड्यांकडं लक्ष गेलं. लहान लहान गाठोडी. कुणाच्या धोतराच्या तुकड्यात, कुणाच्या लुगड्याच्या पदरात बांधलेली. भिंतीला लागून ओळीनं ठेवलेली, आणि जवळ माणूस एक नाही. बघता बघता दोन बाया आल्या, आपापलं गाठोडं ओळीत ठेवून, हात जोडून निघून गेल्या. पाठोपाठ एक मोटारसायकल आली, तिच्यावरच्या बाप्यानंही गाठोडं ठेवलं.

"हे काय रफिकभाई? माणसं कुठंयत यांची?"

"ये परस्तान हाय आपा. कल बुधवार हाय ना."

परस्तान म्हणजे प्रस्थान. ज्या वारी निघू नये त्या वारी निघायचं असेल, तर आदल्या दिवशीच आपलं गाठोडं घराबाहेर दुसरीकडं नेऊन ठेवायचं. सुपारी, हळकुंड, मूठभर तांदूळ आणि अंगावरच्या कपड्यातला एखादा. म्हणजे आपण कालच निघालो, आज नाही. आमच्या घरातून हे सगळं बाबांनी दीक्षा घेतली त्या दिवशीच बाहेर पडलं. आमच्याकडं मुहूर्त नाही, वार नाही, अमावास्या नाही. "गाडीला बुधवार नसतो," असं बाबा म्हणायचे.

पण सगळ्या गावाला एकाच बुधवारी कुठं जायचं होतं? ते मला गयाबाईनं सांगितलं. ती गाठोडं घेऊन आली ती शेवटी, मेंढरं वाड्यात घालून. पन्नाशीची, कोरड्या चेहऱ्याची, कपाळावर ठसठशीत कुंकू. रफिकभाईंनी माझी ओळख "पुराने पॉइंट्समन की बेटी" अशी करून दिली आणि मुक्कामाचं विचारलं. मी मुक्कामाचा विचारच केला नव्हता. दमलेली माणसं असंच करतात, पुढचं पुढं बघू म्हणतात.

"मंग आमच्याकडं चला की ताई. त्यात काय इचारायचं," गयाबाई म्हणाली.

तिचा नवरा तुळशीराम दारातल्या बाजेवर बसला होता. उंच माणूस, पण अंगावरून कुणी माती खरवडून नेल्यासारखा. जन्मभर मेंढरांमागं चाललेला. दोन वर्षांपूर्वी त्याची मूत्रपिंडं निकामी झाली. आठवड्यातून दोनदा, बुधवारी आणि शनिवारी, शहरातल्या सरकारी दवाखान्यात जाऊन मशीनवर रक्त शुद्ध करून घ्यावं लागतं. दिवस दवाखान्यानं ठरवलेले, त्यात आपलं काही चालत नाही. त्याच्या डाव्या हाताची शीर दोरखंडासारखी फुगलेली होती.

"गावात मोटारसायकली हायेत ना?" मी विचारलं.

"हायेत. मशीनवरून उठल्यावर ह्यांना बसवत नाय. चक्कर येती. एकदा पडले मधीच, रस्ता बी तसलाच. अन् जीप कोण देतंय दर खेपंला?" गयाबाई भाकरी थापत म्हणाली. "गाडीत बाकड्यावर आडवं होता येतं. गाडी हाय म्हणून आम्ही गावात हाओत. गाडी गेली की मेंढरं इकायची अन् शहरात खोली बघायची."

तुळशीराम म्हणाला, "मेंढरं इकून मी काय करू शहरात? भिताडाकडं बघत बसू?"

उद्याच्या गाडीनं रेल्वेचे एक साहेब येणार होते, बोरधोंड्याला किती माणसं चढतात ते बघायला. हे कळल्यावर गावानं देवळापुढं बसून ठरवलं की सगळ्यांनी तिकीट काढून चढायचं. अडचण वाराची होती. "जाशील बुधी, तर येशील कधी," असं म्हणणारी ही माणसं बुधवारी पाहुण्यालासुद्धा वाटेला लावत नाहीत. मग गयाबाईनं उठून सांगितलं की मी दोन वर्षं दर मंगळवारी ह्यांचं परस्तान हॉल्टवर ठेवते, अजून ह्यांना काय झालं नाय. तुम्ही बी ठेवा. गावाला ते पटलं.

जेवायला बाजरीची भाकरी, पातळ पिठलं आणि कांदा. पिठल्यात मीठ नव्हतं. तुळशीरामला मीठ चालत नाही, पाणीसुद्धा मापानं. माझ्यासाठी वाटीत वेगळं मीठ ठेवलेलं. गयाबाई मात्र अळणीच खात होती.

"तुम्ही तरी घ्या की."

"ह्यांच्या म्होरं बसून खारट गिळंना ताई. आता सवय झाली."

मी चिमूटभर घेतलेलं मीठ भाकरीवर टाकू की नको असं झालं. टाकलं. मला अळणी जमत नाही. पण त्या घरात मला पहिलं पाणी दिलं ते त्यांच्याच तांब्यातून, आणि मी ते प्याले तेव्हा कोनाड्यातला रांजण आठवला, हेही खरं.

झोपायच्या आधी गयाबाई म्हणाली, "ताई, तुमची बी पिशवी ठिवायला पायजे होती हॉल्टवर."

"मी उद्या तशीच जाणार," मी म्हणाले. जरा ताठ्यानंच म्हणाले.

बुधवार

सकाळी हॉल्टवर जत्रा होती. बाप्यांच्या डोक्यावर लाल-पिवळे फेटे, बायांच्या अंगावर लग्नातली लुगडी. एका आजीबाईंनी साहेबांसाठी नारळ आणलेला. सगळ्यांनी रफिकभाईंच्या खिडकीतून तिकिटं घेतली आणि ती हरवू नयेत म्हणून बायांनी पदराला गाठी मारल्या. गावचे वडीलधारे दगडूआबा काठी टेकत रांग लावत होते. तुळशीराम दगडी भिंतीला टेकून खाली बसला होता. लोक जाता येता त्याला म्हणायचे, "बस बाबा तू. आज आम्ही हाओत." तो मान हलवायचा. त्याला लाज वाटत होती, हे मला दिसत होतं.

आणि शिटी ऐकू आली.

"आली! उचला!" दगडूआबा ओरडले. सगळ्यांनी आपापली गाठोडी उचलून डोक्यावर घेतली.

"आवं मालगाडी हाय ती! थांबा, मालगाडी हाय!" गयाबाई जीव तोडून ओरडत होती. ती दर आठवड्याला येणारी, तिला आवाज ठाऊक. बाकीचे मोटारसायकलवाले, त्यांना ही शिटी काय अन् ती काय. मालगाडी आली, न थांबता खडखडत निघून गेली, आणि सगळ्यांच्या फेट्यांवर धूळ बसली.

मी हसले. मग बघितलं तर कुणीच हसत नव्हतं. गाठोडी डोक्यावर तशीच.

"ठेवा की खाली," मी म्हणाले.

"ठिवता येत नाय," दगडूआबा म्हणाले. "परस्तान एकदा उचललं की शिवेच्या आत भुईला टेकवायचं नसतं."

मग रफिकभाईंनी फोन लावला. मागं कुठंतरी रुळांचं काम चाललेलं, गाडी अडकलेली, कधी सुटेल ते कुणी सांगेना. ऊन चढत गेलं. माणसं डोक्यावर गाठोडी घेऊन उभी. बाया हात बदलत होत्या. नारळवाल्या आजीबाई डुलायला लागल्या. मला राहवेना. शिक्षिकेचा आवाज निवृत्त होत नाही.

"आबा, सुपारी आणि तांदूळ आहेत त्यात! खाली ठेवलं तर आभाळ कोसळणार आहे का? गाडी येईपर्यंत इथंच थांबा, नाहीतर साहेबांना काय दिसणार?"

दगडूआबा माझ्यापाशी आले. हळू बोलले, तुळशीरामला ऐकू जाऊ नये म्हणून.

"ताई, तुम्ही धम्माच्या. तुम्हाला नाय लागत, चांगलं हाय. पर आज समद्यांनी त्याच्या नावानं उचललंय. आमच्यापैकी कोणाला बी कुठं जायचं नाय. आता ते भुईला टेकवलं अन् उद्या त्याला काय झालं, तर कोणच्या तोंडानं बघायचं गयाकडं?"

मी नारळवाल्या आजीबाईंना भिंतीच्या सावलीत नेऊन उभं केलं.

मग त्यांचं त्यांनी ठरवलं. शीव ओलांडायची आणि रुळाकडेच्या गाडवाटेनं पुढचं स्टेशन गाठायचं. तिथं तर गाडी थांबतेच, तिथं चढू, साहेब गाडीतच असणार, डब्यात बघतील आपल्याला. रफिकभाई कपाळाला हात लावून म्हणत राहिले, "अरे इथून चढायचं हाय, तिथून नाय!" पण डोक्यावर ओझं असलेल्या माणसांना कुणाचं ऐकू येत नाही. बघता बघता सगळी जत्रा धसकटांमधून चालायला लागली. फलाटावर उरलो आम्ही तिघं: तुळशीराम, ज्याला चालवत नाही, गयाबाई, जिनं मालगाडी ओळखून गाठोडं उचललंच नव्हतं, आणि गुडघ्यांची मी.

गाडी आली ती दुपार होता होता. साहेब उतरले. चाळिशीचा, डोळ्यांखाली काळं आलेला माणूस. इकडं बघितलं, तिकडं बघितलं.

"एवढेच?"

"नाय साब, पूरा गाव आया था," रफिकभाई म्हणाले. असं साहेब याआधीही बऱ्याच हॉल्टांवर ऐकत आले असावेत.

आम्ही त्यांच्याच डब्यात चढलो. गयाबाईनं तुळशीरामला बाकावर आडवं केलं. थोड्या वेळानं तिनंच खिडकीतून बोट दाखवलं.

"त्ये बघा साहेब! आमचं गाव!"

दूर गाडवाटेवर रांग चालली होती. लाल-पिवळे फेटे, डोक्यावर गाठोडी. गाडी दिसताच काहीजण पळायला लागले. एक बाई एका हातानं गाठोडं सावरत दुसरा हात हलवत होती. त्यांना पुढचं स्टेशन अजून बरंच लांब होतं. गाडी त्यांना मागं टाकून गेली.

"हे चालत का निघाले?" साहेबांनी मला विचारलं. मी सांगितलं. परस्तान, मालगाडी, सगळं. ते आधी हसले, मग हसायचे थांबले.

"हे मी रिपोर्टमध्ये कसं लिहू, मॅडम?"

"लिहू नका. माणसं लिहा. तुम्ही डोळ्यांनी बघितलीत. तिकिटं त्यांच्या पदरात आहेत."

ते खिडकीबाहेर बघत राहिले. लिहिणार, असं मला वाटलं. गयाबाईलाही वाटलं असावं, कारण तिनं माझा हात धरला.

तेवढ्यात तुळशीराम कोपरावर उठून बसला.

"साहेब, लिहू नका. ती रोजची नाहीत. माझ्यापायी आलती आज. रोजचे आम्ही दोघंच."

"गप पडा तुम्ही!" गयाबाई ओरडली. "कोण इचारू राह्यलं तुम्हाला?"

"खरं हाय ते सांगितलं," तो म्हणाला आणि परत आडवा झाला. शहरात उतरताना साहेबांनी तुळशीरामला हात दिला, त्याचं गाठोडंही रिक्षापर्यंत नेलं. मला तो माणूस वाईट वाटला नाही. आणि तेच जास्त वाईट वाटलं.

गारखेडा

गाव त्या संध्याकाळच्या गाडीनं पुढच्या स्टेशनावरून परत आलं. रफिकभाई फोनवर सांगत होते, बोरधोंड्याला एवढी माणसं एकदम उतरलेली त्यांनी कधी बघितली नव्हती. तेव्हा मोजायला कुणी नव्हतं.

पावसाळ्याच्या आत थांबा गेला. गयाबाईचा फोन आला, "ताई, दोन माणसांपुरती खोली बघा कुठं. मेंढरं दिली." माझ्या घरामागं एक खोली अडगळीनं भरलेली होती. ती मी रिकामी केली. मोठेपणा म्हणून नाही. या वयात रिकाम्या घरात कुलूप उघडून शिरायचा मला कंटाळा आला होता.

आता तुळशीराम सकाळी माझ्या ओट्यावर बसतो. भिंतीकडं नाही, रस्त्याकडं तोंड करून. मशीनचे दिवस चुकत नाहीत, तब्येत बरी आहे. पण एक गोष्ट माझ्या मनात सलत होती, ती मी परवा चहा पिताना विचारून टाकली.

"तुळशीराम, त्या दिवशी तुम्ही गप्प बसला असतात, तर साहेबांनी लिहिलं असतं. गाडी थांबली असती."

त्यानं कपातला दोन घोटांचा चहा संपवला.

"थांबली असती ताई. मंग पुन्हा कोणी बघाया आलं, की पुन्हा समद्या गावानं उठायचं. पुन्हा उन्हात. मी एक आजारी माणूस. माझ्यापायी लोकं किती दिस चालतील?"

"चालले असते," गयाबाई आतून म्हणाली.